पऱ्हाटीच्या कोळशाची चोरी

ती केस मी कधी विसरलो नाही, फक्त आजवर पूर्ण सांगितली नाही. निरोपाच्या कार्यक्रमात सांगितली तेव्हा लोक पोट धरून हसले. हसण्यासारखी ती आहेच. पण दर वेळी सांगताना मी त्यातला मधला एक तास गाळत आलो. आज गाळणार नाही. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही.

मी तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात, भीमपूरकडच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. मुलूख कापसाचा. ठाण्याचं काम म्हणजे बांधावरची भांडणं, बाजारातल्या हाणामाऱ्या आणि नदीपलीकडे महाराष्ट्रात पळालेले आरोपी. अशा ठाण्यात एका सकाळी हैदराबादहून आलेला एक तरुण मॅनेजर शिरला आणि म्हणाला, "सर, आमचा कार्बन चोरीला गेला आहे."

माझा हेड कॉन्स्टेबल तेलुगू माणूस. त्यानं रोजनामचा उघडला होता, तो हळूच मिटला. "सार, हे कोणत्या कलमात बसतं?"

मॅनेजरनं शांतपणे समजावून सांगितलं. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उरते. लोक ती बांधावर पेटवून देतात. त्याच्या कंपनीनं गावात लोखंडी भट्ट्या बसवल्या होत्या, वर रुंद आणि तळाशी निमुळत्या. पऱ्हाटी त्यात जाळायची आणि राख होण्याआधी पाणी मारून विझवायची. जो कोळसा उरतो तो शेणात कालवून शेतात घालायचा. झाडानं हवेतून ओढलेला कार्बन मग शेकडो वर्षं मातीत राहतो. स्वतःच्या धुराची भरपाई म्हणून परदेशातली एक मोठी कंपनी यासाठी पैसे देत होती, पुढच्या काही वर्षांचा करारही झाला होता आणि आपलं सरकारसुद्धा आता या बाजाराचे नियम बनवत होतं.

"म्हणजे कोळसा पुरायचे पैसे?" मी विचारलं.

"हो सर. जाळला तर नाही मिळत."

हेड कॉन्स्टेबल छताकडे बघत होता.

भट्टीजवळच्या शेडमधून तीसेक पोती कोळसा गेला होता. चार दिवसांनी हिशोब तपासायला बाहेरचा तपासनीस येणार होता. कोळसा कुठं गेला हे दाखवता आलं नाही, तर तो जळाला असं धरून त्या गावाचं काम बंद होणार होतं. आधी भट्टीचा मुकादम जाणार, मग त्याच्या हाताखालच्या बारा बाया. मुकादम म्हणजे पूर्वी लोकांच्या शेतात सालानं राबलेला, चाळिशीतला बौद्ध माणूस. भट्टीवर काम लागल्यापासून त्याच्या खिशाला पेन असे, आणि प्रत्येक पोत्याचा फोटो तो स्वतःच्या फोनवर काढी.

त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. मुकादमाला त्यानं टेम्पोत पोती चढवताना पाहिलं होतं आणि टेम्पो हायवेकडे गेला होता. हायवेला ढाबे, ढाब्याला तंदूर, तंदुराला कोळसा. माझ्या डोक्यात केस तिथंच संपली.

दोन दिवस आम्ही ढाबे पालथे घातले. इस्त्रीवाले, लोहार, कणसं भाजणाऱ्या बायासुद्धा सोडल्या नाहीत. पऱ्हाटीचा कोळसा हलका आणि ठिसूळ असतो. तसा एक तुकडाही कुठं सापडला नाही. मग मी मुकादमाला ठाण्यात आणलं.

"टेम्पोत काय होतं रे?"

"सरकीची ढेप होती जी. साडूच्या म्हशीसाठी."

"आणि कोळसा?"

"मले ठाऊक असतं तर मीच आलो असतो ना साहेब तुमच्याकडं. माही नोकरी चालली."

"कोणत्या ढाब्याला दिला?"

"ढेप ढाब्याले काऊन देऊ जी?"

कोपऱ्यात हेड कॉन्स्टेबल हसला. मुकादमानं थट्टा केली नव्हती, सरळ उत्तर दिलं होतं. पण दोन दिवस धूर खाऊन मी चिडलेलो होतो आणि हाताखालच्या माणसासमोर माझं हसं झालं होतं. मी उठून त्याच्या कानाखाली वाजवली. एकदा नाही, दोनदा. त्याचा पेन उडून टेबलाखाली गेला. तो वाकला, पेन उचलून खिशाला लावला आणि परत सरळ बसला. तासभर मी तेच प्रश्न विचारत राहिलो आणि तो तेच सांगत राहिला. साडूला फोन लावायला एक मिनिट लागलं असतं. तो मी दुसऱ्या दिवशी लावला. ढेपच होती.

रोजनामच्यात मी लिहिलं, 'विचारपूस करून सोडले.'

हाच तो गाळलेला तास.

तिसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. हेड कॉन्स्टेबल ड्यूटी आटपून येताना घरासाठी मेथी घेऊन आला. ठाण्यामागच्या नळावर जुड्या धुता धुता त्यानं हाक मारली, "सार, इकडं बघा."

मेथी आमच्याकडे मुळांसकट विकतात. त्या मुळांना माती चिकटली होती आणि मातीत काळे, हलके, ठिसूळ कण होते. बोटानं चोळले तर बोट काळं झालं.

"मेथी कुणाकडून घेतली?"

"भट्टीच्या गावातल्या त्या मावशीकडून सार, माळवं, भाजीपाला पिकवतात त्या. एक जुडी वरतून दिली."

मावशी अजून बाजारातच बसल्या होत्या. साठीच्या असाव्यात. माझ्या गणवेशाकडे बघत त्यांनी वांगी नीट रचली.

"मावशी, तुमच्या वाफ्यात कोळसा कुठून आला?"

"शेडातून आणला."

इतकं सरळ उत्तर मला नोकरीत क्वचित मिळालं होतं.

"कुणाला विचारून?"

"विचाराचं काय त्यात? मुकादमानं पंचायतीपुढं सभेत सांगतलं, हा कोळसा गावच्या मातीत टाकाचा आहे, माती सुधरते, पाणी धरून ठेवते. आमी सहाजणी वाट पाहून राह्यलो. कापूसवाल्याइले देऊन राह्यले, आमाले कोणी देईच ना. मंग आमी भर दुपारी पोत्यासकट नेला. शेणात कालवला, वाफ्यात टाकला. पोती घड्या करून ठेवली आहे, न्यायले कोणी आलं नाही."

"अहो, दोन दिवस पोलीस तपास करताहेत. तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमी ढाब्यावर विचारत फिरले, कोळसा कोणी जाळला म्हणून. आमी कुठं जाळला?"

शेजारची कांदेवाली पदर तोंडाला लावून हसत होती. हेड कॉन्स्टेबलनं माझ्याकडे पाठ केली होती, पण खांदे हलत होते. मलाही हसू आवरलं नाही. चोरानं माल नेऊन त्याचं नेमकं तेच केलं होतं, ज्यासाठी सातासमुद्रापलीकडचा माणूस पैसे मोजत होता. आणि मी तो माल जिथं आग असते तिथं शोधत होतो, कारण कोळशाचा दुसरा उपयोग मला ठाऊकच नव्हता.

तपासनीस आला. सहाही वाफ्यांत त्यानं खणून पाहिलं, माती पिशव्यांत भरून नेली, फोटो काढले. मावशींनी त्याला पाटीभर वांगी दिली, ती नियमात बसत नाहीत म्हणून त्यानं घेतली नाहीत. मावशींना फार राग आला. कंपनीनं सहाहीजणींची नावं यादीत घेतली, पोत्यांचा हिशोब जुळला. मॅनेजरनं तक्रार मागे घेतली. मुकादमाची नोकरी राहिली. मी त्याच्यासमोर चहा प्यालो आणि त्या तासाबद्दल एक शब्द बोललो नाही.

गेल्या वर्षी मी वेळेआधी निवृत्ती घेतली. भीमपूरकडे गेलो तेव्हा भट्ट्यांची रांग लागली होती. भैंशाच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातला कचराही आता तिथं येतो. मुकादम आता सात गावांचं काम बघतो. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "त्या दिवशी मी तुमच्यावर हात उचलला. चूक माझी होती. माफी मागायला आलोय."

त्यानं खिशाचा पेन नीट लावला. "माहा काही राग नाही जी आता. पण तवा घरी मी खोटं बोललो. म्हटलं, पऱ्हाटीची मोळी तोंडावर पडली. पोलिसानं मारलं म्हटलं असतं तर लोक म्हणते, काहीतरी केलंच असन. त्या एका गोष्टीसाठी बायकोपुढं खोटा झालो मी. तिले तुमीच सांगा."

त्याची बायको पलीकडे पऱ्हाटी तोडत होती. मी जाऊन सगळं सांगितलं, उभ्यानंच. तिनं हातातला कोयता खाली ठेवला नाही.

"मले ठाऊक होतं साहेब," ती म्हणाली. "पऱ्हाटी लागली का ओरखडे पडते. बोटं उमटत नाही."

"मग तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?"

"सांगाले त्याले लाज वाटून राह्यली होती. ज्याले वाटाले पायजे तो आला नव्हता."

तिनं कोयत्यानं बाजूची खाट दाखवली. "बसा आता. चहा ठेवते."

लोक विचारतात, इतक्या वर्षांच्या नोकरीत काय शिकलात. तपास म्हणजे दिसतं ते नीट बघणं आणि न विचारलेलं विचारणं, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो. ते त्या बाईनं एका गालाकडे बघून केलं होतं. तिच्या नवऱ्यासारख्या माणसांना मी किती वेळा ठाण्यात बसवलं, आणि त्यांच्या घरी कोण काय ओळखून गप्प राहिलं असेल, हे मी मोजू शकत नाही. रोजनामच्यातली ती ओळ आता बदलता येत नाही. म्हणून इथं लिहितो: विचारपूस केली, मारहाण केली, निर्दोष होता.

चहा गूळ घालून केलेला होता. मी दोन कप प्यालो.