धवल्याशिवाय शेवटचा सीन नाही

२०२३ साल. मी सदुसष्ट वर्षांचा. शेणवे गावात एका अंगणात मांडव घातलेला, नवरा-नवरी हळद लावून पाटावर बसलेली, कॅमेरा लागलेला, आणि जिनं गायचं ती बायजाआजी उठून चप्पल शोधत होती.

"आजी, चाललीस कुठं?"

"घरी. ही पोरं खरं लगीन करत नाय ना? मग मी गाणार नाय."

मी चौथी पास. मुरबाड-शहापूरकडची लग्नं मी आयुष्यभर व्हिडिओत धरली. मग घरोघरी मोबाइल आले, तेव्हापासून मी स्वतःच्या शॉर्टफिल्म करतो. शॉर्टफिल्म म्हणजे लहान पिक्चर, एका बैठकीत चहा निवायच्या आत संपणारा. पटकथा मीच लिहितो. कुठल्या सीनला कोण काय करतं, ते आधी कागदावर ठरवायचं, ती पटकथा. एकदा ठरली की मी त्यातला काना-मात्राही हलू देत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे, बायकोला जास्त.

या पिक्चरची गोष्ट सोपी. पोरगा-पोरगी लग्नाआधीच जोडीनं वीटभट्टीवर जातात. आमच्याकडे हे चालतं, संसार आधी, लगीन मागाहून. वर्षानं परत येतात आणि शेवटच्या सीनला मांडवात बसतात. तिथं धवला हवा. धवला म्हणजे लग्नाचं गाणं, आणि ते गाणारी धवलारीण. ती गायली की लगीन लागलं. भटजी असो नाय तर नसो.

मी म्हटलं, "आजी, हा पिक्चर आहे. खोटं लगीन."

"लगीन खोटं असंल रे दामू, माझा धवला खोटा कसा असंल? मी गायले की ही दोघं नवराबायको. मागनं तिचा बापूस माझ्या दारात यायचा."

हिरॉइन प्रणाली हे ऐकून पाटावरून उठलीच. हिरो राकेश बसून राहिला. त्याला धवला चालला असता, असं त्याच्या तोंडावरून वाटलं.

कॅमेरामन किरण शहापूरचा, शिकलेला. म्हणाला, "काका, आजीला नुसते ओठ हलवू दे. गाणं डबिंगमध्ये टाकू." डबिंग म्हणजे आवाज नंतर चिकटवायचा.

"माझ्या पिक्चरात चिकटवलेलं काय नाय."

"मग उद्या दुसरी धवलारीण बघू."

"उद्या प्रणालीची परीक्षा. मांडव मागून आणलाय, संध्याकाळी सोडायचा. जे होईल ते आज."

"काका, ऊन उतरतंय."

"मला दिसतंय."

दिसत होतं, पण सुचत नव्हतं. शेवटचा सीन नाही तर पिक्चर नाही. मी पुन्हा आजीकडे गेलो. "मग तू गाणार तरी कोणासाठी?"

"ज्याचं लगीन करायचंय त्याच्यासाठी. नाय तर ज्याचं आधीच लागलंय त्याच्यासाठी. एकदा लागलेलं परत लागलं तर कोणाचं काय जातंय?"

तेवढ्यात माझी बायको सुमन युनिटसाठी भाकऱ्यांचं टोपलं घेऊन आली. सगळे तिच्याकडे बघायला लागले, मग माझ्याकडे.

"काय झालं?" तिनं विचारलं. किरणनं सांगितलं.

"मी नाय बसायची. या माणसासंगं दुसऱ्यांदा? एकदा चुकले तेवढं पुरे."

"मीही नाय बसणार," मी म्हटलं. "मी कॅमेऱ्यामागचा माणूस. आणि माझ्या पटकथेत म्हातारी जोडी नाय."

"मग घाला की!" ती म्हणाली. "पोरं भट्टीवर गेली ती वर्षात कशाला येतील? या वर्षी लगीन करू, पुढच्या वर्षी करू, करता करता म्हातारी झाली. मग आली. असं किती घरांत झालंय, तुमाला म्हाईत नाय?"

किरणनं हळूच कागद पुढं केला. मी शेवटच्या पानावर रेघ मारली. जोरात मारली, कागद फाटला.

"पण एक सांगते," सुमन म्हणाली. "तुमच्या गोष्टीत नवरी नुसती रडते. मी रडणार नाय."

"बरं बाई."

प्रणालीनं तिला हळद लावली. मला किरणनं लावली, गरजेपेक्षा जास्त. आजीनं चप्पल काढली, गळा साफ केला आणि धवला उचलला. उतरतं ऊन मांडवातून तिरकं आत आलं. सुमन इतकी हसली, की मला हसू आवरेना. मी 'कट' म्हणायला विसरलो. किरणही म्हणाला नाही.

पुढं तो पिक्चर कल्याणला एका फेस्टिवलात लागला. बक्षीस मिळालं नाही. पण शेवटच्या सीनला लोक हसले आणि लगेच गप्प झाले, असं किरण सांगतो. यातून शिकायचं एवढंच, की पटकथा बदलायची नसेल तर बायकोच्या हातच्या भाकऱ्या सेटवर मागवू नयेत.

त्या शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एडिटिंगला निघालो होतो. सुमन नवं लुगडं नेसून दारात उभी.

"कुठं?"

"लगीन लागलं ना काल? मग देवाला नको जायला?"

हातांची हळद साबणानंही गेली नव्हती. आम्ही जीपमध्ये बसलो. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. "काका, घरात कोणाचं लगीन?"

सुमन खिडकीबाहेर बघत राहिली. मी म्हटलं, "माझं."