भिंतीवरची सवत

आमच्या घरात आईचा फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं असं आजोळी मानत, म्हणून तिला कधी फोटोवाल्यापुढं बसू दिलं नाही. आणि फोटो न काढताच ती ऐन तारुण्यात गेली. मी तेव्हा जेमतेम चालत होते.

वडील सोलापुरात गिरणीच्या रंगखात्यात होते. त्यांचा साहेब विलायतेला परत जाताना एक तसबीर देऊन गेला. डोक्यावरून निळं वस्त्र घेतलेली, मान कलती केलेली बाई. कुठंही उभं राहा, आपल्याकडंच बघणारी. कुण्या जुन्या चिताऱ्याच्या चित्राची ती छापील नक्कल होती. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवायची, तेजाबानं चित्र कोरून घ्यायचं, मग पत्र्याला रंग लावून कागदावर दाबायचं. जवळून पाहिलं की तिच्या गालावर बारीक रव्यासारखे ठिपके दिसत. सगळी हयात रंगात गेलेल्या वडिलांना त्या ठिपक्यांचं फार कौतुक. त्यांनी ती माजघरात लावली.

मग धाकटी आई आली, होटगीकडच्या शेतकऱ्याची लेक. गळ्यात सवतीच्या नावाचा, बाईची आकृती ठोकलेला चांदीचा टाक घालूनच तिनं उंबरा ओलांडला. आमच्यात दुसरीनं पहिलीला असं गळ्यात वागवायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं आणि मग नेसायचं. माजघरात तिनं डोक्यावर पदर घेतलेली ती बाई पाहिली आणि वाकून नमस्कार केला. वडील शेजारीच उभे होते. ही ती नव्हे, असं त्यांनी सांगितलं नाही. नव्या नवरीला पहिल्याच दिवशी खुळी कोण ठरवणार, एवढंच असेल.

मलाही तिनंच सांगितलं, "ही बघ तुजी आई." मी मानलं. न मानायला माझ्याकडं दुसरी होतीच कुठं?

रोज काचेवर कुंकू लागायचं. नवं लुगडं आधी तसबिरीपुढं जायचं. तरी धाकट्या आईचं पहिलं मूल बारशाआधीच गेलं, आणि आईला कधीच न पाहिलेल्या शेजारणी भिंतीकडं बघून कुजबुजू लागल्या. तेव्हापासून ती माजघरात एकटी बसेना. भाकरी थापता थापता मागं वळून म्हणायची, "बघती माज्याकडं. लई बघती." मग मलाही त्या डोळ्यांची भीती वाटायला लागली. स्वतःच्या आईची भीती वाटावी, याच्याइतकं वाईट काही नाही.

तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा वडील तिला मडमेच्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही बरोबर होते. आत शिरलो, आणि धाकटी आई दारातच मटकन खाली बसली. समोरच्या भिंतीवर तीच बाई. तेच निळं वस्त्र, तीच मान, तेच डोळे. फक्त कपाळ मोकळं.

"हितं बी आली," ती पुटपुटली. "माज्या मागं मागं आली."

तपासून न घेताच आम्ही टांग्यानं परत आलो. घरी वडिलांनी सगळं सांगून टाकलं. ही कुणी परमुलखातली बाई, मरून कैक पिढ्या झाल्या, एकाच पत्र्यावरून असल्या कितीतरी छापतात. मला वाटलं, आता हिच्या मनावरचं ओझं उतरेल. कसलं काय!

"मग ती कुटं हाय?" तिनं विचारलं. "भिंतीवर हाय म्हनून मला ठावं तरी व्हतं. इतकी वर्सं लुगडी दावली, कुंकू लावलं, ते सगळं परक्या बाईला? आन् ती उपाशी बसली आसंल की, हितंच कुटंतरी."

पोटावर दोन्ही हात धरून ती घराचे कोपरे न्याहाळत होती. तिच्याबरोबर मीही बघत होते.

"टाकावर समद्या बाया सारक्याच," ती वडिलांना म्हणाली. "ती कशी व्हती तेवडं सांगा. त्वांड डोळ्याम्होरं आनून माफी मागीन. माजं लेकरू तरी जगंल."

वडील बाजेवर बसले. त्यांनी डोळे मिटले.

"उजळ होती," ते म्हणाले. "मान जरा डावीकडं कलती ठेवायची. हनुवटी निमुळती. डोळे मोठे, पापण्या जड. निळ्या रंगाची भारी हौस तिला…"

धाकटी आई माझ्याकडं बघायला लागली. मी भिंतीकडं. वडिलांनी डोळे उघडले, ते सरळ तसबिरीवर गेले.

"नाही," ते म्हणाले. "अशी नव्हती."

मग ते पुष्कळ वेळ आठवत बसले. आईला नीट पाहिलेलं आमच्या घरात ते एकटंच माणूस होतं.