सहा खुर्च्यांचा बॉक्स

...हां, तर चहा आला आणि गोष्ट अडकली ती त्या खोलीच्या दारात. स्टेडियमच्या पायऱ्यांखालची खोली ती. छत पायऱ्यांच्याच उताराचं. एका टोकाला माणूस ताठ उभा राहील, दुसऱ्या टोकाला कमरेत वाकेल. खिडकी नाहीच. मधोमध रॅकेटला तारा ओढायचं यंत्र, भिंतीवर तारांची वेटोळी आणि यंत्रामागे तारकाका. त्यांना खरं नावही होतं, पण त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, मग ते वापरणार कोण?

दरवर्षी वर पुरुषांची मोठी टेनिस स्पर्धा भरायची, लाल मातीच्या कोर्टवर, आणि खेळणारे सगळे त्यावरच पोट असलेले. आता मातीची गंमत अशी, की सिमेंटवर चेंडू पळतो, मातीवर रेंगाळतो. एकेक गुण म्हणजे दोन जावांचं भांडण, मिटलं म्हणेपर्यंत पुन्हा सुरू! आणि खेळ जितका लांबतो तितक्या तारा झिजतात. मातीचे कण तारांत बसतात आणि करवतीसारखे कापत जातात. त्यामुळे स्पर्धा चालू असली की तारकाकांना मान वर करायला फुरसत नसे. उभी हयात सामन्यांच्या खाली काढली गड्यानं, पण एक सामना डोळ्यांनी पाहिला नाही. ऐकले मात्र सगळे. छतातून चेंडूचा ठोका यायचा, मग लोकांचा सुस्कारा, मग पायांचा गडगडाट.

बायको होती तोवर संध्याकाळी घरी गेल्यावर "आज कोण जिंकलं हो?" असं विचारणारं कुणी होतं. ती गेली आणि कोण जिंकलं ते काकांच्याही लक्षात राहीनासं झालं. आता उरली लांबच्या गावातली मोठी बहीण, आक्का. तिचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "जेवलास का, की तारा खाल्ल्यास?"

या खोलीत एक खेळाडू येऊन बसायचा. डावखुरा म्हणत त्याला. वय झालेलं, म्हणजे त्यांच्यातलं वय. आपल्याकडे त्या वयात माणूस नुकता शहाणा होतो. दरवर्षी यायचा, पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत हरायचा, आणि हरल्यावरही रॅकेट द्यायला म्हणून यायचा. दोघं फारसं बोलत नसत. हा खोक्यावर बसे, ते तारा ओढत. आई-वडील गेलेले, बायको वेगळी झालेली, कोचनं दुसरा तरणा गडी धरलेला. हे सगळं त्यानं तीन वर्षांत मिळून सांगितलं असेल.

आणि त्या साली काय चमत्कार! डावखुरा जिंकतच सुटला. थेट अंतिम सामन्यात! आदल्या दिवशी दुपारी तो खोलीत आला, खोक्यावर बसला आणि खिशातून एक पास काढून यंत्रावर ठेवला.

"काका, उद्या वर या. माझ्या बॉक्समध्ये."

बॉक्स म्हणजे कोर्टलगतचा कठड्याचा चौकोन, सहा खुर्च्यांचा. खेळाडूची आपली माणसं तिथं बसतात. डावखुऱ्याचा बॉक्स आठवडाभर रिकामा होता.

"खुळा की काय? तुझी तार तुटली तर?"

"खाली तारा ओढायला तुमचा जोडीदार आहे की. आणि मी चार रॅकेटी घेऊन उतरतो."

"मला त्यातलं काय कळतंय? टाळ्या कधी वाजवायच्या तेही ठाऊक नाही."

डावखुऱ्यानं खोका थोडा पुढं ओढला. मग म्हणाला, "हरल्यावर काही वाटत नाही हो. मान खालीच असते. जिंकल्यावर पंचाईत होते. मान आपोआप वर जाते आणि तिथं नुसत्या खुर्च्या."

काकांनी यंत्राचा दांडा फिरवला. गाठ मारली, उरलेली तार कापली. पास मात्र यंत्रावरून कुणी उचलला नाही.

त्या रात्री काकांना ना धड झोप, ना धड जाग. जिथं हाताला काम नाही तिथं जाऊन बसायचं कसं, हे त्या माणसाला कुणी शिकवलंच नव्हतं. पण सकाळी त्यांनी चांगला सदरा काढला. कॉलरला घडीची रेघ पडली होती. बायकोनं घालून ठेवलेली घडी ती.

जिन्यावर रखवालदारानं अडवलं. "तारकाका, वाट चुकलात. खोली खाली!"

"वरच जायचंय."

"आमंत्रण आहे की काय?"

काकांनी यंत्रावरून उचलून आणलेला पास दाखवला. रखवालदारानं तो उलटसुलट पाहिला आणि बाजूला झाला.

समोरचा, म्हणजे दुसऱ्या खेळाडूचा बॉक्स गच्च भरलेला. आई, कोच, अंग चोळून देणारा, बायको आणि तिच्या मांडीवर पोर. इकडं सहा खुर्च्या आणि काका. ते कडेच्या खुर्चीवर अंग चोरून बसले, लग्नाच्या चुकीच्या मांडवात शिरल्यासारखे.

सामना सुरू झाला. आणि काकांनी काय करावं? डोळे मिटले! जन्मभर ऐकत आलेला माणूस तो. इकडं उजेड फार, गर्दी फार. डोळे मिटल्यावर कुठं सगळं जागेवर आलं. ठोका, सुस्कारा, गडगडाट. हा डावखुऱ्याचा फटका, हा दुसऱ्याचा. मग मोठा जल्लोष झाला आणि पाठोपाठ लोक हसायला लागले. काकांनी डोळे उघडले तर डावखुरा जिंकलेल्या गुणानंतर रॅकेट खाली सोडून थेट त्यांच्याकडे बघत उभा, आणि स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर डोळे मिटलेले काका!

या माणसानं मागितलं होतं काय? टाळ्या नाहीत, सल्ला नाही. मान वर गेली की कुणी बघत असावं, एवढंच. आणि नेमके तेव्हाच आपण डोळे मिटून बसलो!

तिथून पुढं त्यांनी पापणी म्हणून लवू दिली नाही. बघणं फार अवघड निघालं. ऐकताना चेंडू नुसता वाजतो; बघताना तो रेषेवर पडतो, मातीत ठसा उठतो, पंच उतरून वाकून पाहतो, आणि तोवर आपला जीव टांगणीला. डावखुरा दर गुणाला वर बघायचा. काका मान हलवायचे, हां, आहे मी.

शेवटच्या सेटमध्ये डावखुऱ्याची तार तुटली, थोड्या वेळानं दुसरीही. तुटलेल्या रॅकेटी खालच्या खोलीकडं निघाल्या. काका खुर्चीतून अर्धे उठले. पाय जिन्याकडं वळले, बोटांना तार दिसायला लागली. खाली गेलं की सगळं सोपं होतं. तिरकं छत, यंत्र आणि कुणाची नजर नाही. तेवढ्यात डावखुऱ्यानं तिसरी रॅकेट हातात घेतली आणि वर पाहिलं. काका खाली बसले.

डावखुरा हरला. अगदी थोडक्यात, पण हरलाच. समोरचा अख्खा बॉक्स एकमेकांच्या गळ्यात पडला. डावखुरा डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. मग उपविजेत्याची थाळी घेऊन माइकपाशी आला. रिवाज असा, की आपल्या माणसांचे आभार मानायचे. त्यानं टॉवेल काढला, मान वर केली, आणि म्हणाला, "माझ्या सगळ्या माणसांचे आभार."

लोक हसले, सगळी मिळून एकच होती ना! काका मात्र उभे राहिले. टाळी नाही, काही नाही. हात बाजूला सोडून, सहा खुर्च्यांपुढं नुसते ताठ उभे, त्यानं मान खाली घालेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी वर कोर्टवर मातीवरून जाळी ओढून सगळे ठसे पुसून टाकले होते, पाटी पुसल्यासारखे. डावखुरा पहाटेच गेला होता. तो आता खेळायचा थांबणार अशी बोलवा होती. काका रिकाम्या खोलीत तारांचे तुकडे गोळा करत होते, तेव्हा आक्काचा फोन आला.

"अरे, टीव्हीवर दिसलास! आधी ढाराढूर झोपलास, आणि पोरगा हरल्यावर जिंकल्यासारखा उभा काय राहिलास? चारचौघांत हसं करून घेतलंस की स्वतःचं!"

काकांनी हातातले तुकडे केराच्या डब्यात टाकले. मग म्हणाले,

"आक्का, हरून माणूस वर बघत होता गं. मी बसून कसा राहू? ठेव आता, खोली झाडायचीय."