श्वास बसवणारा शरद

“हे शेडमध्ये पडलेत. हॉस्पिटलात आणलंय. येता का?” कुंदावहिनींचा फोन एवढाच. आषाढातली दुपार होती, मी जेवायला बसलो होतो. पुणेरी बाई, संकटातही शब्द मोजूनच वापरणार. पण त्या ‘येता का’मध्ये काय होतं ते मला कळलं आणि ताट तसंच टाकून मी निघालो.

गणपतीत रस्ता अडवून लोक जे हलते देखावे बघतात, त्यांतले पुतळे हलवणारा माझा मित्र शरद, कुंदावहिनींचा नवरा. मूर्तिकार पुतळे घडवायचा, हा त्यांच्या पोटात मोटारी बसवायचा आणि वहिनी त्यांचे कपडे शिवायच्या. मी शाळेत मराठी शिकवून उरलेल्या घशाने त्यांना आवाज द्यायचो. मान वळवणं, गदा उगारणं हे पुण्यात बरेच जण करतात. शरद श्वास बसवायचा. छातीच्या आत गाडीच्या वायपरची मोटर, तिच्यावर लाकडी चकती. चकती फिरली की छाती वरखाली व्हायची. त्या चकतीची कड तो मुद्दाम वेडीवाकडी घासायचा. “सगळे श्वास सारखे आले की समज, मशीन आहे,” तो म्हणायचा. “माणसाचा एखादा उथळ असतो, एखादा मध्येच खोल जातो.” हे शिकायला तो दुपारी झोपलेल्या वहिनींकडे बघत बसायचा. वहिनी म्हणायच्या, “इतकी वर्षं मला वाटत होतं, प्रेमाने बघतायत!”

एका वर्षी या श्वासापायी आमची चांगलीच शोभा झाली. बकासुराचा देखावा होता. भीमाने गदा हाणली, बकासुर आडवा झाला, मी भसाड्या आवाजात त्याचा वध जाहीर केला... आणि त्याचं पोट आपलं निवांत वरखाली होतंय. गर्दीतले एक आजोबा म्हणाले, “मेला कसला, डुलकी लागलीय त्याला.” आख्खा चौक हसला. नंतर मी शरदवर जाम भडकलो. तो डोकं खाजवत म्हणाला, “श्वासाला वेगळा स्विचच ठेवला नाही रे. मेल्यावर काय करायचं, हे डोक्यातच आलं नाही.”

हॉस्पिटलात तो व्हेंटिलेटरवर होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याचा धाकटा भाऊ विजय काचेतून बघून म्हणाला, “वहिनी, बघ ना, श्वास किती छान चाललाय. दादा उठणार बघ.” आत सोडलं की वहिनी स्टुलावर बसायच्या आणि शरदच्या छातीवरून नजर काढायच्या नाहीत. डॉक्टर येऊन बोलून जायचे, तेव्हाही तिकडेच बघत. एक दिवस बाहेर आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “भाऊजी, सगळे सारखे आहेत हो.”

मला क्षणभर समजलं नाही. समजलं तेव्हा मीही काचेतून त्याचे श्वास मोजायला लागलो.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं, त्यांच्या भाषेत. आता सुधारणा नाही, जे चाललंय ते यंत्र चालवतंय. नियमाप्रमाणे सगळ्या तपासण्या झाल्या, आणि शेवटी गोष्ट वहिनींच्या होकारावर येऊन थांबली. विजय म्हणत होता, थांबू या, चमत्कार होतात. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. देवादिकांच्या आणि राक्षसांच्या तोंडी मी जन्मभर वाक्यं घातली, पण तिथे मला एक वाक्य सुचलं नाही. वहिनींनी एकट्यानेच होकार दिला.

नळी काढल्यावर एखाददुसरा श्वास येईल, त्याचा काही अर्थ काढू नका, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. नळी काढली. छाती थांबली. खोलीत कोणी हलेना... आणि मग एक श्वास आला. खोल, मध्येच अडखळलेला, वेडावाकडा. वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. “हा ह्यांचा,” त्या म्हणाल्या. पुढचा आला नाही.

मला शरदचा भयंकर राग आला. अजून आहे. जायचंच होतं तर गुपचूप जायचंस की रे! त्या एका श्वासाबद्दल डॉक्टरांचं म्हणणं बरोबर असणार, हे मला पटतं. वहिनींनाही पटतं. पण रात्री डोळे मिटल्यावर पटलेलं काही कामाला येत नाही.

मागच्या आठवड्यात मंडळाचे कार्यकर्ते मार्केट यार्डामागच्या त्याच्या शेडमध्ये पुतळे बघायला आले. यंदाही शरदचाच देखावा लावायचा म्हणतात. बटणं दाबली तसे ऋषी, सैनिक, म्हातारा जटायू, सगळे श्वास घ्यायला लागले. “एकदम जिवंत!” म्हणत मंडळी खूश होऊन गेली. वहिनी मला म्हणाल्या, “तेवढा मेन स्विच तुम्ही बंद करा, भाऊजी. माझा हात धजावत नाही.”

मी बंद केला. मोटारींची घरघर थांबली. मी शटर ओढायला दाराशी गेलो, तरी वहिनी येईनात. वळून पाहिलं तर त्या जटायूसमोर उभ्या होत्या, नजर त्याच्या छातीवर.

“वहिनी, मी बंद केलंय सगळं.”

“माहितीये,” त्या म्हणाल्या. “जरा थांबा...”