अक्काचा सीलबंद कागद

माझी थोरली बहीण, आमची अक्का, न कळवता धुळ्याला आली तेव्हाच मी धास्तावले. पिंपळनेरजवळच्या तिच्या गावाहून एस.टी.नं यायचं म्हणजे ती आधी दोनदा निरोप धाडायची. त्या दिवशी ती दारात उभी राहिली, आत आली आणि पाणीसुद्धा न पिता तिनं आधी कडी लावली. भर दुपारचे बारा वाजले होते.

"चष्मा फुटला," म्हणाली. "नवा करायला आले, असं सांगून निघालेय."

चष्मा खरंच फुटला होता. पिशवीतून तिनं तो काढून दाखवला. मग खाटेवर बसून, आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "मीच फोडला."

अक्काला मूलबाळ नव्हतं. त्यापायी मेहुण्यांनी दुसरी बायको आणली होती, डोंगराकडच्या गरीब घरातली. आम्ही तिला धाकटी म्हणायचो. धाकटीलाही मूल झालं नाही, आणि चार-पाच वर्षांत मेहुणेच गेले. त्यानंतर चौदा वर्षं या दोघी सवती एका चुलीवर राहिल्या. पहिल्या पहिल्यांदा भांडल्या असतील, मला ठाऊक नाही. मी पाहिल्या तेव्हा एकीच्या पायाला दुसरी तेल चोळत असे. जमीन आणि घर अक्काच्या नावावर चढलं होतं. शेत मेहुण्यांचा पुतण्या बघायचा.

तो पुतण्या आठ दिवसांपूर्वी एक कागद घेऊन आला होता. सोसायटीचा आहे, इथं सही कर, म्हणाला. अक्का चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर लावून लावून वाचता वाचता तिला एक शब्द दिसला, बक्षीसपत्र. म्हणजे जमीन जिवंतपणीच त्याच्या नावावर. ती म्हणाली, चष्म्यातून नीट दिसत नाही, उद्या बघू. तो गेला. आणि उद्या तो परत येईल या भीतीनं तिनं मागल्या दारी जाऊन पाट्यावर चष्मा आपटला.

"मना काय," अक्का म्हणाली, "मी मरी गऊ ते तिले घरमाईन काढी देतीन." तिच्यामागे धाकटीला घराबाहेर काढतील, असं तिला म्हणायचं होतं.

मी शाळेत शिकवत होते, कायद्यातलं मला काही कळत नव्हतं. पण आमच्या शाळेच्या एका बाईंचे सासरे वकील होते. दुसऱ्या दिवशी चष्म्याचं माप देऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्यांची खोली होती. वकीलसाहेब वयस्कर, तोंडात लवंग धरून बोलणारे. त्यांनी अक्काचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही आता बाहेर बसा."

"मी सख्खी बहीण आहे."

"म्हणूनच. उद्या कुणी म्हणायला नको की बहिणीनं शिकवून आणली."

मी बाहेरच्या बाकावर बसले. आत काय चाललंय ऐकू येत नव्हतं, फक्त टाइपरायटरचा खडखडाट. तेवढ्यात समोरून एक ओळखीचा चेहरा आला. अक्काच्या गावातला दूधवाला, कोर्टात कसल्यातरी तारखेला आलेला.

"ताई, इकडे कुठं?"

"अक्काचे डोळे दाखवायला," मी बोलून गेले.

त्यानं माझ्या डोक्यावर भिंतीला लावलेल्या पाटीकडे पाहिलं. पाटीवर वकिलांचं नाव होतं आणि खाली अॅडव्होकेट. "बरं," म्हणून गेला. ते 'बरं' मला चापट मारल्यासारखं लागलं.

अक्काचं म्हणणं एकटीच्या तोंडून उतरवून झाल्यावर वकीलसाहेबांनी मला आत बोलावलं तेव्हा मी त्यांना ते सांगितलं. ते म्हणाले, "आज ना उद्या कळणारच होतं." मग त्यांनी दोघींना समजावून दिलं. मृत्युपत्र केलं नाही तर नवऱ्याकडून आलेली जमीन नवऱ्याच्या वारसांकडे जाईल, म्हणजे पुतण्याकडे. पहिली बायको असताना केलेलं लग्न कायदा मानत नाही, म्हणून धाकटीला गवताची काडीही मिळणार नाही. "पण माझा एक सल्ला आहे. पुतण्याला अगदी तोडू नका. त्यानं शेत राखलंय. त्यालाही काही द्या आणि का दिलं, का नाही दिलं, ते तुमच्या शब्दांत लिहा."

अक्कानं बोटांवर शेतं मोजली. मग नदीकाठचं शेत तिनं पुतण्याला लिहिलं आणि घर व विहिरीचं शेत धाकटीला. कारण म्हणून तिनं सांगितलं, "माझं आजारपण तिनं काढलं. ती गेली तर माझ्या घरात दिवा लावायला कुणी नाही."

मला काहीच नव्हतं. ते बरंच झालं. "म्हणूनच तुमची साक्ष चालेल," वकीलसाहेब म्हणाले. दुसरे साक्षीदार एक डॉक्टर होते. अक्काची बुद्धी शाबूत असल्याचा दाखला तेच देणार होते. त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?" आणि अक्का भिंतीवर कॅलेंडर शोधू लागली. तिला वार आठवेना. माझ्या तोंडावर आलं होतं, पण वकीलसाहेबांनी नजरेनंच मला दटावलं. आता सगळं फिसकटणार असं मला वाटलं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "राहू द्या. शेताबद्दल सांगा."

मग अक्का सुटली. कोणत्या बांधावर कुणाचं निंबाचं झाड, विहीर किती परस खोल, कोणत्या साली पाणी आटलं, पलीकडचा शेतकरी नांगर किती आत घालतो, सगळं. डॉक्टर हसले आणि त्यांनी दाखला लिहिला. अक्काला चष्मा नव्हता, म्हणून सहीआधी वकीलसाहेबांनी सगळा मजकूर तिला मोठ्यानं वाचून दाखवला. प्रत्येक पानावर सही झाली, मग आमच्या. तालुक्याला, साक्रीला नोंदवलं तर गावभर होईल, म्हणून तो कागद लिफाफ्यात घालून, लाख लावून, अक्कानं स्वतः धुळ्याच्या जिल्हा निबंधकांकडे ठेवायला दिला. निघताना वकीलसाहेब म्हणाले, "कुणी विचारलं तर खोटं बोलू नका, पण सगळंही सांगू नका. आणि लक्षात ठेवा, जिवंत आहात तोवर हे बदलता येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या मोटारसायकलवर आमच्या दारात हजर. मी चहा केला. कपबशी वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून आणली.

"काकू," तो म्हणाला, "वकीलकडे काय काम व्हतं?"

अक्का खाटेवर बसली होती. ती म्हणाली, "मरननंतरना कागद कया."

"कोना नाववर?"

"मी मरसू तवय समजी जाई. आनि मी जित्ती शे तोवर तो बदलता येस."

तो तिच्याकडे बघत राहिला. चहा न पिताच उठला. जाताना मात्र वाकून तिच्या पाया पडला. तो पाया पडला याचीच मला जास्त भीती वाटली.

अक्का परत गेली. पुढची सहा वर्षं तो तिच्याशी फार चांगला वागला. पहिली कणसं तिच्या घरी, दवाखान्याला तिला नेणं-आणणं तोच. मी मात्र धुळ्यात तार आली, फोन आला की आधी अक्काचंच काही असेल असं समजायचे. त्यानं आणलेलं औषध अक्का पिते, हे आठवलं की मी जेवणावरून उठायचे. काही झालं नाही. अक्का गेली ती तिच्या छातीच्या दुखण्यानं, धाकटीच्या मांडीवर.

तेराव्यानंतर वकीलसाहेबांनी अर्ज करून लिफाफा उघडवला. पुतण्यानं नकलेतला मजकूर दोनदा वाचला. नोटीस पाठवली, पण डॉक्टरांचा दाखला पाहून त्याच्याच वकिलानं त्याला थांबवलं असावं. प्रकरण कोर्टात गेलं नाही. फेरफार नोंदवायला मी आणि धाकटी तलाठ्याकडे गेलो. त्यानं धाकटीला मयताशी नातं विचारलं. धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मी मृत्युपत्राची नक्कल पुढे सरकवली. शेवटी तलाठ्यानं स्वतःच 'मृत्युपत्रान्वये' एवढं लिहिलं आणि पान उलटलं.

बाहेर पुतण्या उभा होता. आम्हाला वाटलं, आता शिव्या देईल. तो धाकटीजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "विहिरीवरची मोटार जपीसन चालू करजो. करंट मारस ती."

एवढं बोलून तो गेला. ती काळजी होती की धमकी, यावर आम्ही दोघींनी परतीच्या सगळ्या वाटेवर खल केला आणि काही ठरलं नाही. पिंपळनेरहून वायरमन बोलावून मोटार तपासून घेतली. त्यात काहीच बिघाड नव्हता. तरी धाकटी पुढं कितीतरी दिवस स्टार्टरचं बटण हातानं दाबत नसे. बाभळीची वाळकी काठी घेऊन, तोंड दुसरीकडे फिरवून दाबायची.