तुडतुड्यांनी सोडलेली जागा

मी मुरबाडला शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांची वर्गात मीच टर उडवते, त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय... पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचं घर टोकावड्याच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत, तिन्ही बाजूंना भातशेती. दिवाळीच्या आधी भात पिकायला लागलं की संध्याकाळी बारीक हिरवे तुडतुडे दिव्यावर नुसते तुटून पडतात. आमटीत, केसांत, डोळ्यांत – कुठेही. म्हणून त्या दिवसांत आम्ही जेवताना घरातले सगळे दिवे बंद ठेवतो. अंगणाच्या टोकाला खांबावर एक पांढरा एलईडी लावायचा, त्याखाली पाण्याचं घमेलं ठेवायचं. किडे तिकडे जातात आणि आम्ही ओटीवर तेवढ्याच उजेडात जेवतो.

गेल्या वर्षी असेच बसलो होतो. साडेसात वाजले असतील. मी, सासूबाई आणि माझी चार वर्षांची तनू. माझा नवरा महेश घमेल्यातलं पाणी बदलायला खांबापाशी गेला होता. दिव्यापासून खाली घमेल्यापर्यंत किड्यांचा पडदाच लागला होता, आणि त्या पडद्यात महेशच्या शेजारची जागा अगदी मोकळी होती. माणसाएवढी उंच, माणसाएवढीच रुंद. तिथपर्यंत आलेला प्रत्येक किडा बाजूने वळून जात होता.

वाऱ्यामुळे होत असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण वारा नव्हताच. महेश घमेलं उचलायला वाकला... आणि ती मोकळी जागाही वाकली.

सासूबाईंनीही पाहिलं होतं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. हळूच म्हणाल्या, "हाक नको मारू गो. येऊ दे त्याला गप."

मला धीर धरवला नाही. हाक नाही मारली, पण उठून ओटीवरचा दिवा लावला. ती माझी चूक. खांबावरचे किडे क्षणात आमच्याकडे वळले. महेश वैतागून धावत आला. त्याला काहीच दिसलं नव्हतं, जेवणाची नासाडी केली म्हणून तो माझ्यावरच चिडला होता.

मी मात्र तनूकडे बघत होते. ओटीची फरशी किड्यांनी हिरवी झाली होती. फक्त तनूच्या उजव्या हाताला, मांडी घालून बसलेल्या माणसाला लागेल एवढी फरशी स्वच्छ होती. तनूने आपलं ताट जरा डावीकडे सरकवलं, शेजारच्याला जागा करून द्यावी तसं.

मी तिला उचललं आणि आत पळाले. नंतर तिला खूपदा विचारलं, पण विषय काढला की ती खेळायला पळते. शाळेतल्या सहकाऱ्यांनी हवेचा झोत, कसला तरी वास अशी कारणं सुचवली. एकही मला पटलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी महेशने सगळीकडे पिवळे दिवे लावले. पिवळ्या उजेडाला किडे कमी येतात, हे मीच त्याला सांगितलं होतं. यंदा खरंच फारसे आले नाहीत. घरात सगळे खूश आहेत, ओटीवर निवांत जेवतात. पण किडेच नसतील तर ती जागा आता कुठे आहे, हे मला कळणार कसं?

मागच्या आठवड्यात शहापूरहून येताना मी एक पांढरा बल्ब घेऊन आले. तनूच्या शेजारी अजून कुणी बसतं का, ते एकदा बघायचंय. बल्ब अजून खोक्यातच आहे... लावायची हिंमत होत नाही.