खूनहायआबाची नंबरप्लेट

आमच्या गावात स्कूटरच्या नंबरप्लेटचा उजवा कोपरा दुमडलेला नसला, तर ती गाडी परगावची समजावी. समुद्राचं पाणी अडवायला जो बांध आहे, त्याच्या उघाडीपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी, दोन लोखंडी खांब ठोकलेत, ट्रक घुसू नयेत म्हणून. मधून स्कूटर निघते. पण मागं कालवांची टोपली लादलेली असली आणि वळताना गाडीनं ढुंगण हलवलं, की प्लेट खांबाला घासलीच. आणि समुद्राच्या देवीची, माझूआईची पालखी गावातून फिरून गेली, की देवळातून लाल फीत मिळते. ती प्लेटच्या डाव्या स्क्रूला बांधायची. दुमडलेला कोपरा आणि लाल फीत एवढं बघून गाव आपापली गाडी ओळखतं. नंबर कोण वाचतंय? नंबर पोलिसांनी वाचायचा.

खूनहायआबाचं जे झालं ते ह्या खोडीपायीच झालं.

मी लिओंग, देवळासमोर स्कूटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. आबा माझ्या बापाच्या वयाचा, सत्त्याहत्तरचा. उभं आयुष्य मासळीच्या तळ्यात कंबरभर पाण्यात काढलेलं, त्यामुळं गुडघे गेलेले आणि तोंड तेवढं शाबूत. बायको, आकीमकाकी, बारा किलोमीटरवर शहरातल्या वृद्धांच्या दवाखान्यात पडलेली. कुणाला ओळखायची नाही, नर्सला चावायची. पण रोज तीन वाजता आबा मासळीची पेज डब्यात घालून जायचा, ती मात्र चाटून-पुसून खायची. "पेज वळखते, मला न्हाई," आबा म्हणायचा. बस दिवसाला दोन, तीही मनात आलं तर येणारी. म्हणजे स्कूटर होती तर बायको होती.

आणि आमच्या तैवानात पंचाहत्तरी उलटली की लायसन्स तसंच चालत नाही. दर तीन वर्षांनी बोलावतात, चित्रं दाखवतात, तारीख विचारतात, डोकं जाग्यावर आहे का बघतात. आबाची तारीख पुढच्या महिन्यात होती. त्याआधी एकदा त्यानं गॅस सुरू ठेवून तळं गाठलं होतं, एकदा चपला फ्रिजात ठेवल्या होत्या. ते मला ठाऊक होतं आणि शेजारणीला. तैपेईतल्या पोराला कळू नये म्हणून आबानं शेजारणीला दोन कोंबड्या दिल्या होत्या.

ऑगस्टात पूर आला. जमीन आमची बोटाबोटानं खचत चाललेली, भरतीला समुद्र आमच्यापेक्षा उंच. त्यात तुफानाचा पाऊस. सकाळी रस्त्यावर गुडघ्याइतकं पाणी. ज्यांनी त्यात गाड्या घातल्या त्यांच्या प्लेटा पाण्याच्या मारानं निखळून गेल्या. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर पोरांनी चिखलातून पंचवीस-तीस प्लेटा गोळा केल्या आणि देवळाच्या भिंतीला रांगेनं टेकवून ठेवल्या. हवालदार लिम वही घेऊन यायच्या आत निम्मी माणसं आपली प्लेट उचलून गेलीसुद्धा. आबाचीही निखळली होती, तोही गेला. कोपरा दुमडलेला, फीत लाल. घरी नेली, स्वतःच स्क्रू आवळले.

त्याच पुराच्या सकाळी थ्यामहिंग स्कूटरवरून उघाडी बघायला म्हणून गेला आणि परतला नाही. कालवांचा धंदा करणारा, पंचेचाळिशीचा, गडी मजबूत. तीन दिवस लोकांनी बांबूंनी ओढे-नाले ढवळले. त्यात महिना भुतांचा. ह्या महिन्यात बुडून मेलेले आपल्या बदली दुसऱ्याला ओढतात म्हणतात, त्यामुळं पाण्यात उतरणाऱ्यांचं मन शोधात कमी आणि काठावर जास्त. चौथ्या दिवशी लिमनं येऊन सांगितलं, थांबवा. पुलावरच्या कॅमेऱ्यात थ्यामहिंगच्या गाडीचा नंबर दिसला होता. दुपारी तीनच्या सुमाराला शहराकडं जाताना. दुसऱ्या दिवशीही दिसला, तिसऱ्याही. अंगात रेनकोट, तोंडाला मास्क, डोक्यावर हेल्मेट. आमच्याकडं सगळेच तसे फिरतात.

गावानं लगेच हिशेब लावला. पळाला. शहरात बाई असणार. लिम म्हणाला, धडधाकट माणूस घर सोडून गेला तर पोलिसांनी काय त्याला कान धरून आणायचा? बांबू ज्याच्या त्याच्या घरी गेले.

पुरानंतरच्या बाराव्या दिवशी दुपारी आबा ब्रेक आवळायला दुकानात आला. मी खाली बसलो. माझ्या डोक्यावर भिंतीला थ्यामहिंगच्या बायकोनं चिकटवलेला कागद होता: फोटो, उंची, गाडीचा नंबर. रोज बघून तो नंबर माझ्या डोळ्यात बसलेला. मान वर केली, खाली केली. परत वर केली. हातातला पाना सुटला.

"आबा, ही प्लेट कुठनं आणली?"

"कुठनं म्हंजे? माझीच हाय की."

"नंबर काय तुमचा?"

"आरं, बायकोचं नाव इचार, त्ये बी सांगतो. शेवट तीन-एक-सात."

"आन् हितं काय हाय?"

आबा कुरकुरत वाकला. अंगठ्यानं चिखल पुसला. "दोन..." म्हणाला. मी बोटानं भिंतीवरचा कागद दाखवला. आबानं कागद वाचला, प्लेट वाचली, परत कागद वाचला. त्याच्या ओठांचा रंग उतरत गेलेला मी बघितला. माशाचा पाण्याबाहेर काढल्यावर उतरतो तसा.

"म्या न्हाई रं केलं मुद्दाम," तो म्हणाला. "कोपरा बघितला. फीत बघितली."

"ठावं हाय मला."

"म्हंजे त्यो कॅमेऱ्यातला..."

"तुम्हीच."

आबा टायरच्या ढिगावर बसला. पाठ भिंतीला लावून बसला, मागं कुणी बसायला जागा ठेवायची नाही असा.

"अकरा दिवस, लिओंग. अकरा दिवस त्यो माझ्या गाडीवर मागं बसून फिरला."

ऊन कडक होतं, पण माझ्या मानेवर काटा आला. मी ओरडलो, "काय बी बरळू नका!"

"परवा पुलावर गाडी जड लागली. म्हटलं टायर बसला."

"टायर बसलाच हाय. हवा न्हाई त्यात."

मग आबानं माझ्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर घेतला. दोन्ही स्क्रू काढले. प्लेट फडक्यात गुंडाळून माझ्यापुढं धरली.

"खाडीत टाक."

"आबा!"

"टाक म्हंतो ना! गेली म्हंजे गेली. कुणाला काय कळतंय? ह्ये सांगितलं तर लिम इचारणार, म्हाताऱ्या, स्वतःचा नंबर तुला वाचता येत न्हाई? मग म्हैनाभरात चित्रं कशाला दाखवायची, आत्ताच लायसन्स काढून घेतील. ती तिकडं तोंड उघडून बसंल. कोण भरवणार तिला? तू?"

खरं सांगायचं तर प्लेट घ्यायला माझा हात थोडा पुढं गेलाही होता. एका फेकीचं काम. कुणाला न सांगायची शपथ घेतली असती तर दोघांनाही आयुष्यभर पुरली असती.

तेवढ्यात दारात सावली पडली. ग्योकचू. थ्यामहिंगची बायको. हातात फळांची परडी, अंगाला कालवांचा वास. आबानं फडकं मांडीखाली सारलं.

"बरं झालं दोघं बी सापडला," ती म्हणाली. चेहरा पुरानंतर पहिल्यांदाच जरा मोकळा दिसला. "देवळात कौल लावून आले. इचारलं, जित्ता हाय का. तीनदा कौलाचे ठोकळे टाकले, तिन्ही येळा हो म्हणाली आई."

मी म्हणालो, "बसा वहिनी."

"बसते कुठली, कालवं फोडायची पडल्यात." मग ती आबाकडं वळली. "आबा, तुम्ही रोज तीन वाजता त्याच रस्त्यानं जाता न्हवं? त्यो बी तवाच जातो म्हनं. कधी दिसला न्हाई तुम्हाला?"

आबानं मांडीखालचं फडकं आणखी आत सारलं.

"न्हाई," आबा म्हणाला.

"दिसला तर एवढं सांगा. बाई असंल तर असू दे. मी शिव्या देणार न्हाई. म्हंजे देईन, पर जेवायला वाढून मग देईन." ती हसली. परडीतला एक पेरू काढून आबाच्या हातात ठेवला. "आकीमकाकीला द्या माझ्याकडनं."

ती गेली. आबा पेरूकडं बघत बसला. मी ब्रेक आवळायचं नाटक करत होतो. नट कधीच आवळून झालेला.

"लिओंग, ह्यो पेरू मी न्हेऊन भरवू शकत न्हाई रं," तो शेवटी म्हणाला. "नरड्यात अडकंल तिच्या."

फडकं उचलून तो चालत निघाला. स्कूटर तशीच टाकून. मी शटर अर्धं ओढलं आणि मागं गेलो. तिचं घर दोनशे पावलांवर, पण आबा वाटेत तीनदा थांबला. एकदा भिंत धरून उभा राहिला. मी दंड धरायला गेलो तर म्हणाला, "सोड. धरलंस तर माघारी फिरंन."

ग्योकचू अंगणात शिंपल्यांच्या ढिगापाशी बसून सुरीनं कालवं उकलत होती. आबानं फडकं तिच्यापुढं जमिनीवर ठेवलं आणि उलगडलं. तिनं लाल फीत आधी बघितली, मग नंबर. आनंदच झाला तिला पहिल्यांदा, तेच बघवलं नाही.

"गावला? कुठं हाय?"

"माझ्या गाडीला व्हती," आबा म्हणाला. "देवळाच्या भिंतीपासनं. चुकून उचलली. पुलावरनं जातो त्यो मीच."

सुरी कालवात अर्धी शिरलेली तशीच राहिली.

"पुराच्या दुसऱ्या दिवसापासनं?"

"व्हय."

"म्हंजे त्यो कुठंच गेलेला न्हाई," ती हळू म्हणाली. आबानं डोळे मिटले. मला वाटलं ती सुरी फेकेल. आबालाही वाटलं असावं, कारण तो हलला नाही. पण तिनं कालव पुरतं उकललं, भांड्यात टाकलं, आणि उठून हात धुतले. "लिओंग, लिमला बोलव. बांबू आणा म्हणावं."

उघाडीचं दार पुरात चिखलानं जाम झालेलं, ते शोधताना कुणी उचललंच नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी साखळ्या लावून उचललं. आत स्कूटर अडकली होती, खांबांच्या पल्याडच. आणि स्कूटरखाली तो. बारा दिवसांनी माणसाचं काय होतं ते मी इथं लिहीत नाही. ग्योकचूनं बूट बघून ओळखला. त्या वेळी गावातला एकही माणूस आबाकडं बघत नव्हता, आणि आबा प्रत्येकाकडं बघत होता.

लिमनं त्याला फाडून खाल्लं नाही. प्लेटची यादी आपण उशिरा केली हे त्यालाही ठाऊक. त्यानं एवढंच सांगितलं, की आबाची खरी प्लेट उरलेल्या बेवारशी प्लेटांबरोबर तालुक्याच्या वाहन कचेरीत गेली आहे. जाऊन नवी घ्या, आणि तिथं वय बघतील, तयारी ठेवा.

आठवड्यानं मी त्याला माझ्या मागं बसवून नेलं. वाटेत तो पुटपुटत होता: आजचा वार, तारीख, महिना, तीन-एक-सात. पुलावर कॅमेरा आला तसं त्यानं माझा शर्ट मुठीत घट्ट धरला आणि मागं वळून बघितलं. मीही बघितलं. मागं रस्ता होता, दुसरं काही नाही.

कचेरीतल्या बाईनं चित्रं दाखवली. छत्री, म्हैस, कात्री. थोड्या वेळानं विचारलं, तिन्ही बरोबर. तारीख बरोबर. मी मनात म्हटलं, सुटला म्हातारा. मग बाईनं कपाटातून त्या पुरातल्या प्लेटा आणल्या. आमच्याच भागातल्या, पाच-सहा. सगळ्यांचे कोपरे दुमडलेले, सगळ्यांना लाल फिती. टेबलावर पसरून सहज म्हणाली, "आजोबा, तुमची बघा बरं ह्यातली. सापडली तर तीच परत लावू, नवी कशाला?"

आबाची प्लेट समोरच होती. तीन-एक-सात. मला दारातून दिसत होती. आबानं हात पुढं केला आणि तो हवेतच राहिला. एका प्लेटवर बोट नेलं, मागं घेतलं. दुसरीवर नेलं.

"आजोबा, घाई नाही," बाई म्हणाली.

"बाई," आबा म्हणाला, "त्या येळंला बी मला खात्रीच व्हती."

त्यानं खिशातून लायसन्स काढलं आणि प्लेटांच्या बाजूला ठेवलं. ती म्हणाली, अहो तुम्ही पास आहात. त्यानं ते परत उचललं नाही. आम्ही नवी प्लेटही घेतली नाही, जुनीही नाही.

आता आबा सायकलनं जातो. सायकलला नंबर लागत नाही. बारा किलोमीटर, गुडघे असे. म्हणून बाराला निघतो तेव्हा तीनला पोचतो. मंगळवारी मी सोडतो, बाकीचे दिवस तो ऐकत नाही. स्कूटर माझ्या दुकानात मागं उभी आहे, प्लेट नसलेली, आणि गिऱ्हाईकं तिच्याशेजारी आपली गाडी लावत नाहीत.

त्या सायकलवर आबानं पांढऱ्या रंगानं स्वतःचं नाव लिहिलंय. मडगार्डवर, दांड्यावर, सीटच्या मागं. तरीही रोज बाराला माझ्या दुकानासमोर तो पाय टेकतो, डबा सांभाळत उभा राहतो, आणि आतल्या बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारतो,

"लिओंग, ही माझीच हाय न्हवं?"

मी बाहेर येतो, तिन्ही ठिकाणची नावं वाचतो, आणि सांगतो, "तुमचीच, आबा." त्याशिवाय तो पायडल मारत नाही.